रात्रीच्या दरबारास जाहिरातदारांनीं घातलेल्या वेढ्याची हकिकत

॥ श्री ॥

बोलणारास शब्द मिळावा आणि ऐकणारास धीर मिळावा, इतकेंच देवापाशीं मागून लेखणी उचलिली. शके एकोणीसशें एकेचाळीस, विकारीनाम संवत्सरे, मार्गशीर्षमासीं एका मुलखीं वर्तमान जाहालें तें ऐसें जे, त्या मुलखीं झोंप न येणारी रयत उदंड, आणि तिजकरितां रेडिओवर मध्यरात्रीं दरबार भरे, आणि त्या दरबाराची गादी गंगाधरपंत पोफळे चालवीत. पंत बोलण्यांत गोड, ऐकण्यांत त्याहून थोर. कोणी विधुर, कोणी पहारेकरी, कोणी कर्जाच्या काळजीनें वाकलेला फोन करी आणि आपलें सांगे, आणि पंत "हं, मग?" इतकेंच म्हणत, आणि तेवढ्यानें मनुष्याचा भार उतरे.

पुढें या दरबारावर जाहिरातदारांची दृष्टि गेली. प्रथम तेलवाले हात जोडून आले आणि वेळेची चौथाई मागते जाहाले, ती रेडिओच्या मालकांनीं दिली. मग मसालेवाले आले, बनियनवाले आले, सदनिकावाले नगारे वाजवीत आले आणि निमा मुलूख घेतला, आणि मग काय, भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, तीन हिस्से त्यांचे जाहाले आणि रयतेच्या गोष्टीस एक हिस्सा उरला. पंत मालकांपाशीं गेले आणि बोलिले, "धनी, मनुष्य रडत असतां मध्येंच गुडघ्याचें तेल विकणें बरें दिसत नाहीं." मालक बोलिले, "पंत, त्या तेलावरच आपली चूल पेटते." पंत मान खालीं घालून माघारीं आले. तेथेंच भांडावयाचें होतें, भांडले नाहींत, हें लिहिणें प्राप्त आहे.

त्या दरबाराची चाल ऐसी होती कीं, फोन करणारानें घरचा रेडिओ बंद करावा, नाहींतर आवाज शिट्या मारितो. आणि पंतांपुढें लाल दिवा असे. तो लागला म्हणजे बोलणें मुलखांत जाई, जाहिरात सुरू जाहाली म्हणजे तो विझे, आणि फोनवरचा मनुष्य तसाच धरून ठेवीत. हें आंतल्या लोकांस ठाऊक. बाहेरच्यांस कोठून कळावें?

एके रात्रीं ठकूबाई नामें खेड्यांतील एका मातुश्रींचा फोन आला. त्यांचा पुत्र यशवंता घर सोडून गेलेला, ट्रक चालवी, ठावठिकाणा नाहीं. मात्र रात्रीं गाडींत हाच दरबार ऐकतो, इतकें कोणीसें सांगितलें होतें. बाईंनीं रेडिओ बंद केला आणि बोलूं लागल्या, "दादा, माझ्या लेकाला येक सांगायचंय," इतक्यांत जाहिरातींची फौज सुटली आणि दिवा विझला. बाईंस त्याची वार्ता नाहीं. त्या बोलतच राहिल्या.

"यशवंता, तोंड दावू नगंस आसं म्हणली ती मी. तुझ्या बापानं न्हाई. त्यानं तर त्या दिशी जेवान टाकलं. मला वाटलं, येशीपातुर जाशील नि माघारी येशील. आता त्यानं हातरूण धरलंय नि दाराकडं बघत पडतोय. शबूद माझा हुता, मी तो माघारी घेती. ये बाबा."

पंतांनीं दोन वेळां तोंड उघडलें आणि मिटलें. मध्यें थांबविलें तर या माउलीच्या तोंडून हें पुन्हा निघणार नाहीं, ऐसें त्यांस वाटलें. मग बाई पुसत्या जाहाल्या, "ऐकलं आसंल न्हवं त्यानं, दादा?"

पंतांनीं विझल्या दिव्याकडे पाहिलें. मसाल्याचें गाणें रंगांत आलें होतें. पंतांनीं स्वहस्तें जाहिरातींची कळ खालीं ओढिली, आणि दिवा लागला, आणि म्हणाले, "यशवंता, तुझी आई बोलली, तें तिच्याच शब्दांत सांगतों." आणि ऐकिलें तें अक्षरशः सांगितलें. मग फोनकडे वळून बोलिले, "आतां ऐकलें असेल, आई."

सकाळीं मालकांनीं पंतांची गादी काढून घेतली. नवा बोलका आणून बसविला.

पुढें काहीं दिवसांनीं दरबारांत एका जवान पुरुषाचा फोन आला. तो बोलिला, "घरी फोन लावाया जीव धजंना, म्हनून हितं लावला. आई, मी यशवंता. मी..." आणि तेलवाले तुटून पडले. तेलामागें मसाले, मसाल्यामागें सदनिका. ठकूबाई पुढचें ऐकावयास थांबल्या नाहींत. त्यांनीं रेडिओ बंद केला, दाराची कडी काढिली, चूल पेटविली आणि यजमानांस हलवून म्हणाल्या, "उठून बसा. पोरगं येतंय."

सारांश, या लढाईंत जाहिरातदारांची फत्ते जाहाली, पंतांची गादी गेली, मुलूख त्यांस विसरला. यशवंता पहांटे पोंचला. बाप जागा होता.