धूर येईपर्यंत तापवा

"तू बिनधास्त जा. घर मी सांभाळतो," असं सेफ्टीसाहेब बोलून गेले आणि तिथेच फसले.

खरं तर बोलायची काही गरज नव्हती. शनिवारची रात्र होती, जेवणं चालली होती. साहेबांची बायको मोठ्या इस्पितळात सिस्टर. तिला सहा महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी दुसऱ्या शहरातून बोलावणं आलं होतं. परत आली की अख्खा वॉर्ड तिच्या हाताखाली येणार होता. हो की नाही ते सोमवारपर्यंत कळवायचं होतं. ती ताटाकडे बघत एवढंच म्हणाली, "बाकी सगळं जमेल हो, तुमच्या दोघांच्या जेवणाचं तेवढं बघायला हवं."

दोघांच्या म्हणजे साहेब आणि साहेबांचे वडील अप्पा. ही आता आपल्यापायी नाही म्हणणार, जन्मभर काही बोलून दाखवणार नाही, आणि न बोलता रोज आपल्याला वाढत राहणार, हे सगळं साहेबांना एका घासात दिसलं. (वाईटात वाईट काय होईल ते आधी बघायचं, हा त्यांचा धंदाच होता. रंगाच्या कारखान्यात ते सेफ्टी ऑफिसर होते. तिथे काळजी करायचा त्यांना पगार मिळायचा. घरी ते हेच काम फुकट करायचे.)

"उद्या तू ड्यूटीवरून येशील तेव्हा जेवण तयार असेल," ते म्हणाले. "मी करणार."

"तुम्ही? काय करणार?"

साहेबांना येत होतं एकच, उकडलेलं अंडं. पण उकडलेल्या अंड्याच्या भरवशावर कोणती बायको सहा महिने घर सोडेल? कारखान्याच्या कँटीनमध्ये कुणाच्या तरी मोबाइलवर पाहिलेलं त्यांना ऐनवेळी आठवलं.

"कोळंबी आणि माकूळ. भाज्या घालून परतायचं. पाच मिनिटांचं काम!"

अप्पांचा घास हातातच राहिला. ते जन्मभर बस चालवून रिटायर झालेले गृहस्थ. फारसं बोलत नसत. "कोळंबी?" एवढंच ते म्हणाले. त्या एका शब्दात इतकी आशा होती की साहेबांना माघार घेता येईना.

रविवारी सकाळी साहेब बाजारातून कोळंबी आणि माकूळ (हॉटेलात त्याला स्क्विड म्हणतात) घेऊन आले. मासेवालीने पिशवी हातात देताना बजावलं होतं, "दादा, गॅस मोठा ठेवा आणि झटपट उतरवा. जास्त शिजवलंत तर रबर होऊन चपलेला लावायला होईल." साहेब रस्ताभर चपलेचाच विचार करत आले.

मग तयारी सुरू झाली. कारखान्यातला चष्मा डोळ्यांवर, कोपरापर्यंत हातमोजे. त्या हातमोज्यांनी कोळंबी धरता येईना, ती सुटून दोनदा सिंकमध्ये गेली, तेव्हा साहेबांनी हातमोजे काढले आणि मनातल्या मनात स्वतःलाच एक मेमो दिला. प्रत्येक कोळंबीच्या पाठीतला काळा दोरा त्यांनी भिंगाखाली धरून काढला. गाजर, फरसबी, ढोबळी मिरची हे सगळं एका मापाचं व्हावं म्हणून पट्टी घेतली. अप्पा स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले होते.

"अरे, शिजवायचंय की शर्ट शिवायचाय?"

"अप्पा, माप चुकलं तर अर्धं कच्चं राहतं."

"मला भूक लागलीय."

"पाच मिनिटं."

हे 'पाच मिनिटं' साहेब सकाळपासून सांगत होते.

सगळं चिरून वाट्यांमध्ये मांडून झालं. आता साहेबांनी मोबाइलवरची कृती उघडली, आणि पहिलीच ओळ वाचून त्यांना घाम फुटला. लिहिलं होतं: 'कढई मोठ्या आचेवर धूर येईपर्यंत तापवा.'

धूर येईपर्यंत! ज्या माणसाचं उभं आयुष्य धूर येऊ नये म्हणून गेलं, त्याला सांगताहेत धूर येईपर्यंत तापवा!

त्यातून अडचण अशी, की बिल्डिंगमधल्या प्रत्येक स्वयंपाकघराच्या छताला धूर ओळखणारं यंत्र बसवलेलं होतं. एका घरात धूर झाला की सगळ्या बिल्डिंगचा भोंगा वाजायचा. हे कुणी बसवायला लावलं, ते सांगायला नकोच; बिल्डिंगचे सेफ्टी ऑफिसरही साहेबच होते. शिवणकाम करणाऱ्या समोरच्या काकूंनी एकदा मासे तळताना त्या यंत्रावर आंघोळीची प्लॅस्टिकची टोपी घातली होती, तर साहेबांनी त्यांना सगळ्यांदेखत अर्धा तास समजावलं होतं. काकू तेव्हापासून साहेबांशी बोलत, पण तोलून मापून.

म्हणजे टोपी घालायची सोय नव्हती. साहेबांनी मधला मार्ग काढला. गॅस बारीक केला.

कढईत तेल पडलं, आलं-लसूण पडलं, आणि काहीच झालं नाही. मग चार कोळंब्या टाकून बघितल्या. त्यांना पाणी सुटलं. त्या पाण्यात त्या निवांत डुंबायला लागल्या.

अप्पांना राहवेना. "सपाट रस्त्यावर पहिल्या गियरमध्ये चाललायस तू. दाब जरा!"

"धूर होईल, अप्पा."

"होऊ दे की. मी आहे ना!"

अप्पांनी घडी केलेलं वर्तमानपत्र उचललं, यंत्राखाली उभे राहिले आणि जोरजोरात वारा घालू लागले. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. बायको कुठल्याही क्षणी येणार होती. ती येणार, ही डुंबणारी कोळंबी बघणार, 'राहू दे, मी करते' म्हणणार, आणि सोमवारी नाही कळवून टाकणार. साहेबांनी डोळे मिटले आणि गॅसचं बटण पार टोकापर्यंत फिरवलं.

काय तो आवाज! कढई फुरफुरली, भाज्या उड्या मारू लागल्या, लसणाचा असा वास सुटला की साहेबांचा स्वतःवर विश्वास बसेना. जमतंय! त्यांनी बाकीची कोळंबी ओतली, माकूळ ओतलं, सोया सॉस शिंपडला. भस्सकन धुराचा लोट उठला. तो खिडकीतून गेलाही असता. पण अप्पा इतक्या मनापासून वारा घालत होते, की तो थेट छताला जाऊन भिडला.

भोंगा वाजला.

आता अशा वेळी सामान्य माणूस काय करील? खिडक्या उघडेल, शेजाऱ्यांना ओरडून सांगेल की काही नाही, मासे आहेत. पण साहेबांच्या अंगात इतक्या वर्षांचं ट्रेनिंग मुरलेलं. डोक्याला विचारायच्या आत पाय निघाले. "चला! जिन्यानं! धावू नका!" असं ओरडत ते हातातल्या उलथन्यासकट दाराबाहेर पडले. मागे चपला वाजत होत्या, म्हणजे अप्पा येताहेत. दारही मागे कुणीतरी ओढून घेतलं.

खाली सायकल स्टँडपाशी अख्खी बिल्डिंग जमली. साहेबांनी आजवर आगीच्या जेवढ्या रंगीत तालमी घेतल्या, त्यांना कुणी आलं नव्हतं. मागच्या खेपेला साहेब आणि एक मांजर, एवढीच हजेरी होती. आज मात्र लोक रांगेत उभे होते. गळ्यात शिट्टी अडकवलेले दातांचे डॉक्टर पुढे होते. त्यांना साहेबांनीच मजला प्रमुख नेमलं होतं. क्षणभर साहेबांचा ऊर भरून आला.

दुसऱ्या क्षणी त्यांना कढई आठवली. गॅस बंद केला का?

बटण फिरवल्याचं आठवत होतं. पण कुठल्या बाजूला? मोठा करताना फिरवलं तेच आठवतंय, की नंतर पुन्हा फिरवलं? बोटांना विचारून बघितलं. बोटांनाही सांगता येईना. ते जिन्याकडे वळले, तोच शिट्टी वाजली.

"साहेब! मागे फिरायचं नाही!" डॉक्टर आडवे आले. "सेफ्टी ऑफिसरनं ऑल क्लिअर दिल्याशिवाय कुणीही वर जायचं नाही. तुमचाच नियम."

"सेफ्टी ऑफिसर मीच आहे, डॉक्टर."

"मग द्या ऑल क्लिअर."

"वर जाऊन बघितल्याशिवाय कसा देऊ?"

"ऑल क्लिअरशिवाय वर कसं सोडू?"

नियम पक्का होता. साहेबांनी तो इतका काळजीपूर्वक लिहिला होता, की त्यातून सुटायला कुठे फटच ठेवली नव्हती.

एवढ्यात फाटकातून बायको आत आली. समोर सगळी बिल्डिंग, वर भोंगा, आणि मध्ये आपला नवरा: डोळ्यांवर चष्मा, हातात उलथनं, उलथन्याला चिकटलेलं एक गाजर.

"काय झालं?"

"काही नाही. जेवण तयार आहे," साहेब म्हणाले. "म्हणजे बहुतेक. गॅस बंद आहे. तोही बहुतेक."

तिने पुढचं ऐकलंच नाही. तिची नजर रांगेवरून फिरत होती. "अप्पा कुठेत?"

"हे काय, माझ्या मागेच..." साहेब वळले. मागे शिवणाच्या काकू उभ्या होत्या. चपला त्यांच्या होत्या. दारही त्यांनीच ओढून घेतलं होतं, नियमाप्रमाणे.

अप्पा आत होते. दार बंद होतं. गॅस कदाचित चालू होता. कारखान्यात इतकी वर्षं शेकडो माणसांची काळजी वाहिली, आणि स्वतःच्या बापाला विसरून आपण उलथनं घेऊन खाली आलो! साहेबांना रडूच यायला लागलं. मग मात्र ते धावले. शिट्टी वाजत राहिली, डॉक्टर "नियम! नियम!" ओरडत राहिले, साहेब दोन-दोन पायऱ्या चढत राहिले. ('जिन्यात धावू नये' ही पाटी त्यांनीच लावलेली होती. तिच्यावर त्यांचा खांदा आपटला.) मागून बायको किल्ली घेऊन धावत होती.

दार उघडलं. घरभर निळसर धूर, आणि त्याहून जास्त वास. स्वयंपाकघरात गॅस बंद होता. अप्पा टेबलाशी बसून पुढ्यातल्या ताटलीत काटा घालत होते.

"अप्पा!" साहेब ओरडले. "भोंगा ऐकू आला नाही का?"

"आला की. अख्ख्या गावाला आला असेल."

"मग खाली का नाही आलात?"

"वा रे वा! गाडी भर रस्त्यात चालू ठेवून ड्रायव्हर कधी उतरतो का?" अप्पांनी कोळंबी तोंडात टाकली. "तू उतरलास. मग मी स्टिअरिंग धरलं. चार वेळा खालवर केलं आणि उतरवलं. माकूळ बघ, कसं मऊ आहे."

"पण तुम्हाला स्वयंपाक कुठे येतो?"

"रात्रीच्या मुक्कामाला डेपोत कोण यायचं शिजवायला? तुझी आई? वीस-वीस माणसांचं केलंय मी. तू कधी विचारलंच नाहीस."

साहेब खुर्चीत मटकन बसले. बायकोने आधी खिडक्या उघडल्या, मग अप्पांची नाडी बघितली (त्यांची उत्तम होती), मग साहेबांची बघितली आणि त्यांना पाणी दिलं. भोंगा आपोआप थांबला. तिने ताटलीतली एक कोळंबी उचलून खाल्ली, मग दुसरी खाल्ली.

"सुरेख झालंय हो. तुम्ही केलंत?"

"त्यानंच केलं," अप्पा लगेच म्हणाले. "मी फक्त खाली उतरवलं."

बापानं आयतं श्रेय साहेबांच्या पदरात टाकलं होतं, आणि बायको समाधानानं खात होती. गप्प बसलं की काम फत्ते. पण गप्प बसवेना.

"चिरलं मी," ते म्हणाले. "शिजवलं अप्पांनी. मला नाही जमलं. मी त्यांना इथे सोडून पळालो. तरीसुद्धा तू जा. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण माझ्यामुळे तुझं राहून गेलं, तर ती भीती त्याहून मोठी आहे. अप्पांची मी नीट काळजी घेईन. शिकेन हळूहळू."

बायकोचे डोळे भरून आल्यासारखे वाटले. (धूर अजून बराच होता, त्यामुळे खात्रीनं सांगता येत नाही.)

"अहो, मी शुक्रवारीच हो कळवलंय," ती म्हणाली.

"शुक्रवारी? मग काल 'दोघांच्या जेवणाचं बघायला हवं' म्हणालीस ते?"

"ते मी अप्पांना म्हणत होते. तुम्ही मध्येच बोललात. आणि बोललात ते इतक्या उत्साहानं, की मोडवेना."

"अप्पांना? अप्पांना कशाला?"

"मी हो कळवायच्या आधी त्यांना विचारून घेतलं होतं ना, सहा महिने ह्यांना सांभाळाल का म्हणून."

साहेबांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी शांतपणे शेवटचं माकूळ काट्यानं टिपलं.

"मी हो म्हणालोय," ते म्हणाले. "फक्त दुपारी मला जरा डुलकी लागते. तेवढा वेळ समोरच्या काकू बघतील तुझ्याकडे. त्यांच्या शिवणाच्या मशीनला तेवढा हात लावू नकोस."