रॉकेटच्या वाटेतली होडी

उलटी मोजणी थांबली ती एका होडीपायी. रॉकेटचा रिकामा झालेला खालचा भाग जिथे पडतो, त्या पाण्यात उड्डाणाच्या वेळी फिरकायचं नाही, हे बेटावरच्या प्रत्येक कोळ्याला पाठ होतं. बंदरावर तसा नकाशाच लावलेला होता.

"कोणाची आहे?" सिग्नेने विचारलं.

रडारवाला ओदवार मान वर न करता म्हणाला, "तुझ्या बाबांची."

सिग्ने सहा वर्षं या रॉकेटवर खपली होती. ध्रुवीय प्रकाशात शिरून तिथलं विद्युतक्षेत्र मोजायचं, एवढंच त्याचं काम. तीन आठवडे त्या प्रकाशाची वाट बघण्यात गेले होते. आज उडालं नाही तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबायचं. हिवाळ्यात इथे सूर्य उगवतच नाही; त्या भरदुपारच्या काळोखात आकाश आत्ता कुठे हिरवं होऊ लागलं, आणि बाबा नेमके मध्ये जाऊन बसले होते.

बाबांनी होडीतला वायरलेस बंद ठेवला होता. मोबाइल लावला, तर तो आईने उचलला. "स्वयंपाकघरातच विसरलाय. थांब, मी आणते त्याला," म्हणून आई शेजाऱ्याची होडी घेऊन निघाली. आता रडारवर दोन होड्या दिसू लागल्या. हसू लपवायला नियंत्रण कक्षातल्या सगळ्यांनी कॉफीचे कप तोंडाला लावले.

थोड्या वेळाने वायरलेस खरखरला. "सापडला गं. मासे कसले धरतोय, जाळं तयार ठेवून वर बघत बसलाय."

मग बाबांचा आवाज आला. "इतकी वर्षं खपलीस पोरी. ते असं बुडू द्यायचं? म्हटलं, पडलं की उचलून आणू."

सिग्नेला खरं तर रागवायचं होतं, पण तिने माइक जवळ ओढून हळूच समजावलं. "बाबा, तिथे नुसतं रिकामं नळकांडं पडतं. माझी यंत्रं पार पुढे, खोल समुद्रात जातात. मोजलेलं सगळं ती वरूनच कळवतात."

"म्हणजे परत येतच नाही?"

"नाही."

"मग हे आधी सांगायचं नाही का," बाबा पुटपुटले. दोन्ही होड्या त्या पाण्याबाहेर पडल्या.

आकाश अजून पेटलेलंच होतं. रॉकेट गेलं. पडद्यावर विद्युतक्षेत्राची रेघ नाचू लागली, तशी सिग्ने खुर्चीत बसून सगळ्यांदेखत रडली.

वायरलेस पुन्हा खरखरला. "गेलं का गं?" आईने विचारलं.

"गेलं."

"बरं झालं. मासे काही मिळाले नाहीत, पण बटाटे आहेत. ते रॉकेट परत येत नाही तर नाही, तू तरी घरी ये."