खोलीला अर्थ नाही

मेहुण्याने परसातल्या नव्या खोलीत एक फेरी मारली, पाण्याच्या मोटरीपाशी वाकून पाहिलं आणि मान हलवली. "दाजी, या खोलीला अर्थ नाही."

सरांचं डोकंच फिरलं. ही पत्र्याची खोली त्यांनी निवृत्तीनंतर बायकोच्या रोपांसाठी स्वतःच्या हातांनी उभी केली होती. स्वयंपाकघरातून वायरही स्वतःच ओढली होती. जन्मभर भाषा शिकवलेली, 'अर्थ सांग' म्हणून पोरांना बाकावर उभं केलेलं, ज्याला सांगता येईना त्याच्या वहीत लाल शाईने भोपळा काढलेला. आणि आता विजेचं दुकान चालवणारा मेहुणा त्यांना अर्थ शिकवणार?

"अर्थ नाही, तर तुझं इथं काय काम?"

"तेच म्हणतोय. मी लावून देतो की."

"मला अर्थ लावून देणारे आपण कोण? चहा घ्या आणि निघा." सर अहोजाहोवर आले, म्हणजे राग टोकाला गेला होता. मेहुणा चहा न घेताच निघाला.

पुढे बायको म्हणू लागली, मोटरीला हात लावला की मुंग्या येतात. सरांनी रबरी चपला चढवल्या, खोलीत जाऊन मोटरीवर तळवा ठेवला. "मला तर काही होत नाही. भावाचं बोलणं मनाला लावून घेतलंस तू." ती ओल्या मातीत अनवाणी उभी राहून काम करते, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

एका सकाळी झारी पत्र्यावर आदळल्याचा आवाज आला. सर धावले. बायको दारात खाली बसून एका हाताने दुसरा हात चोळत होती. "अहो," एवढंच ती म्हणाली.

सरांनी तिला घरात आणून बसवलं, खोलीची वीज तोडली आणि फोन लावला. "अरे, तू तो अर्थ लावून देणार होतास ना?"

"अर्थिंग, दाजी. गळणारी वीज जमिनीत नेणारी वायर. ती नसली की वीज माणसातून जाते. ताई बरी आहे ना?"

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका शब्दाचा अर्थ कळला नाही, आणि त्यापायी बायको जाता जाता राहिली.

मेहुणा लगेच आला. त्याने खोलीपर्यंत तीन तारांची नवी वायर ओढली, वीज गळली की आपोआप बंद पडणारा स्विच बसवला, तपासायला मीटर लावला आणि थबकला. "दाजी, घरालाही अर्थ नाही. घराच्या अर्थिंगचा खड्डा तर मीच करून दिला होता."

भिंतीच्या कडेने तो खड्ड्यापाशी गेला. वायरीचं नुसतं टोक उरलेलं. "इथली जाड हिरवी वायर कुठं गेली?"

सर आभाळाकडे बघू लागले. खोलीचा पाया खणताना अशी एक वायर आडवी आली होती खरी. ती कापून काढली, पण चांगली मजबूत होती, टाकवेना. त्यांनी हळूच खोलीमागे बोट दाखवलं. तिथे हिरव्या वायरीवर भोपळ्याचा वेल झकास चढला होता.

"म्हणजे घराला अर्थ नाही, खोलीला अर्थ नाही," मेहुणा म्हणाला, "सगळा अर्थ वेलाला."

सरांच्या रबरी चपला पायांत घालून बायको मागे येऊन उभी राहिली होती. तिने वेलावरचा एकुलता एक भोपळा तोडला आणि सरांच्या हातात ठेवला.

"घ्या. तुमचाच आहे."

सरांनी मान खाली घालून तो घेतला.