वर बघणारा जावई

शनिवारी दुपारी फाउस्तो सासूबाईंना पँथिऑन दाखवायला निघाला. एर्सिलियाबाई डोंगरातल्या गावी एकट्या राहत. त्यांनी रोमला आपल्याकडे कायमचं यावं म्हणून त्याची बायको मिरेला आईच्या मागे लागली होती. बाईंचं ठरलेलं उत्तर होतं, "नास्तिकाच्या घरी दोन दिवस पाहुणचार ठीक. जन्म नाही काढायचा." आणि फाउस्तो तर लग्नानंतर चर्चची पायरी चढला नव्हता. पँथिऑनसमोर रोज कॉफी प्यायचा. पण ते जुनं रोमन देऊळ, जिथे आता चर्च आहे, त्याने बाहेरूनच पाहिलेलं.

दारातल्या रखवालदाराने हात आडवा घातला. "बघायला येणाऱ्यांना बंद. प्रार्थनेला आलेल्यांनाच सोडतोय."

"मग आम्ही काय जत्रेला आलोय?" फाउस्तो म्हणाला. पाहुण्यांदेखत दारातून माघारी फिरेल तो रोमचा कसला!

सासूबाईंनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं. "तू? प्रार्थनेला?"

"दर शनिवारी," त्याने ठोकून दिलं.

आत शिरून त्याने मान वर केली ती खाली येईना. एवढा अजस्र घुमट, आणि मधोमध गोल भोकातून उघडं आभाळ. लोक उठले की हा बसलेला, लोक बसले की हा उभा, तोंड उघडं. ती तंद्री भक्तीची समजून चर्चच्या सेवकाला भरून आलं. त्याने फाउस्तोच्या हाती वाइनची सुरई दिली, सासूबाईंच्या हाती प्रसादाच्या रोटीची थाळी.

"वेदीपाशी फादरना नेऊन द्या," तो कुजबुजला.

दोघं निघाले. घुमटाखाली येताच फाउस्तोची नजर पुन्हा वर गेली. एक ढग त्या भोकावरून सावकाश सरकत होता. पाय चालतच राहिले. गुडघ्याला कठडा लागला तेव्हा तो भानावर आला. समोर वेदीऐवजी कुणा राजाची कबर होती. फादर पार तिकडे हात पसरून उभे, आणि सगळी सभा इकडे वळलेली.

आता संपलं, त्याला वाटलं. मिरेलाचा चेहरा आठवून त्याला गलबलून आलं.

"आई, मी खोटं बोललो," तो पुटपुटला. "दर शनिवारी कसला, इथे जन्मात पहिल्यांदा आलोय. तेही नुसतं बघायला. राग माझ्यावर काढा, मिरेलावर नको."

त्याने वळून पाहिलं. एर्सिलियाबाई शेजारीच कठड्याला टेकल्या होत्या. थाळी तिरकी, मान मागे टाकलेली.

"गप. ढग जाऊ दे," त्या म्हणाल्या. ढग सरकून गेल्यावर म्हणाल्या, "मिरेलाला सांग, गावाहून माझी कपड्यांची पेटी मागव, आता तुमच्याकडेच राहते. पण प्रार्थनेला आपण दोघं दुसरं चर्च बघू बाबा. इथे देवात लक्षच लागत नाही."