पहिल्या रांगेतला रुमाल

नाना बैठकीला आले की आधी त्यांचा रुमाल बसतो, मग नाना बसतात.

चिंचवडच्या एका शाळेत दर गुरुवारी संध्याकाळी आमची दारू सोडलेल्यांची बैठक भरते. 'आमची' म्हटलं, त्यात माझीही ओळख आलीच. वर्ग मोठा, माणसं थोडी आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या त्यांच्या दुप्पट. तरीही नाना दारातूनच नेम धरून पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर रुमाल फेकतात. हिरव्या चौकड्यांचा, जवळजवळ पंच्याएवढा. मग स्वतः शेजारच्या खुर्चीवर पहाऱ्याला बसतात. एकदा सांगवीहून अनुभव सांगायला आलेले पाहुणे नेमके त्या रुमालावर टेकायला गेले. "जागा धरलीय, राव," नाना म्हणाले. पाहुण्यांनी सगळा वेळ उभ्यानेच काढला. त्यांना वाटलं, इथली पद्धतच असेल.

इथे ऐकलेलं इथेच ठेवायचं, असा आमचा दंडक आहे. म्हणून नाव बदललंय. लिहू का, असं विचारलं तर नाना म्हणाले, "लिवा की, सुधीरराव. मी पीत व्हतो ते सगळ्या चाकणला ठावं हाय. सोडली, त्येच कुणाला ठावं न्हाई."

नाना चाकणजवळच्या खेड्यातले. कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतात. जागा धरणं हा त्यांचा जुना आजार. कंपनीच्या बसमध्ये रुमाल, लग्नाच्या पंगतीत रुमाल, दाढी करायला गेले तर तिथल्या बाकावरही रुमाल. कोणासाठी, ते बऱ्याचदा त्यांनाही माहीत नसतं. "जागा धरून ठिवली की माणूस येतो," एवढंच सांगतात.

त्यांच्या पहिल्या बैठकीची हकीकत तर अजून चहाबरोबर निघते. साहेबांनी कंपनीत बजावलं होतं, शाळेत जा, उभा राहा, नाव सांग, पितो म्हणून कबूल कर, नाहीतर कामावर येऊ नकोस. नाना गेले आणि शेजारच्या वर्गात शिरले. तिथे एका सोसायटीची वार्षिक सभा चालली होती. पाण्याच्या टाकीवरून दोघे जण एकमेकांच्या अंगावर धावून जात होते. नानांना वाटलं, आपण बरोबर ठिकाणी आलो. जरा शांतता होताच ते उठले आणि म्हणाले, "माझं नाव नाना. मी लई दारू पितो." अध्यक्षांनी चष्मा वर केला. "हा विषय आजच्या पत्रिकेवर नाही. तुम्ही बी विंगचे का?" शेवटी तिथल्या दोघांनी त्यांना आमच्या दारापर्यंत आणून सोडलं. त्यातला एक आमच्याकडेच थांबला. अजून येतो.

स्वतःबद्दल नाना भरभरून बोलतात. ते बोलायला उठले की आम्ही चहा सांगून ठेवतो, कडब्यात लपवलेल्या बाटलीपर्यंत येता येता चहा येतो. त्या खुर्चीबद्दल मात्र अवाक्षर नाही. म्हणून एकदा मीच चिडवलं, "नाना, तिथे काय पितर येऊन बसतात?"

नाना हसले नाहीत.

"पोपटची हाय ती. धाकटा माझा. शाळेला येष्टीनं जायचो आमी. त्यो बारका, गर्दीत चेंगरायचा. मग मी म्होरं पळून खिडकीतनं रुमाल टाकायचो आन त्यो मागनं दमानं यायचा." कपातला चहा त्यांनी उगाच हलवला. "पयला पेलाबी मीच दिला त्याला. माझी सुटली, त्याची सुटंना. डागदर म्हनतो, आता न्हाई थांबला तर जातोय."

दर बुधवारी नाना त्याच्या घरी जाऊन सांगतात, "उद्या तुझी जागा धरतो." पोपट दार लावून घेतो. नाना गुरुवारी जागा धरतात. हे ऐकल्यावर मला फार वाईट वाटलं. त्यानंतर ओव्हरटाइममुळे नानांना उशीर होणार असला, की त्यांचा फोन येतो, "तेवढं जागंचं बघा," आणि मी माझा रुमाल टाकतो.

मागच्या महिन्यात बैठक सुरू झाल्यावर दारात एक वाळलेला माणूस येऊन उभा राहिला. घेऊनच आला होता, वास पार पुढपर्यंत आला. पिऊन आलेल्याला आम्ही हाकलत नाही, फक्त गप्प बसायला सांगतो. नानांनी वळून पाहिलं. त्यांनी रुमालाच्या खुर्चीवर नुसता हात ठेवला.

पोपटने सगळीकडे नजर फिरवली, मान हलवली आणि दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर बसला. पळायला बरं.

इतके गुरुवार राखलेली जागा, आणि गडी बसला भलतीकडेच! मला हसूच आलं. नाना उठले आणि पहिली रांग सोडून मागे त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"दादा, मी लगीच जानार हाय."

"जा की. तवर बसतो तुझ्यासंगं."

थोड्या वेळाने एक नवा माणूस आला. सवयीप्रमाणे आम्ही त्याला पुढे यायची खूण केली. पहिल्या रांगेतला रुमाल पाहून तो घुटमळला. "इथे कोणी आहे का?"

मागून नानांचा घोगरा आवाज आला, "बसा, बसा, राव. माणूस आला त्याचा."