भावजी आणि शून्य मात्रा

गवत कमी झालं म्हणजे ते कुणीतरी खाल्लेलं असतं; आणि ज्याला अर्ज लिहिता येत नाही, त्यानेच ते खाल्लेलं असतं. हे तत्त्व मान्य केलं की उंच पठारावरच्या कुरण विकास कार्यालयाचा कारभार समजायला काही अडचण येत नाही.

पठारावर गवत खाणारे दोन. एक मेंढ्या. त्या पूर्वीच्या तिप्पट झाल्या होत्या, पण त्यांचे मालक सल्लागार समितीवर होते. दुसरा एक बिनशेपटीचा, गोल कानांचा, दोन मुठींएवढा प्राणी. जातीने सशाचा भाऊबंद. पण कार्यालयाने त्याला उंदरांत घातलं होतं, कारण उंदरांसाठी औषधाची तरतूद होती, सशांसाठी नव्हती. मेंढ्यांनी बोडकी केलेली जमीन याला आवडते, कारण तिथे कोल्हा लांबूनच दिसतो. उघडी जमीन आणि तिथेच बीळ! एवढा पुरावा समितीला पुरला.

हे 'उंदीर' संपवायची मोहीम उपसंचालकाकडे आली. माणूस सरळ. सही करताना जीभ किंचित बाहेर काढायचा, इतकं मनापासून काम करायचा. कार्यालयामागच्या सरकारी घरात तो आणि त्याची आई असे दोघंच राहत. विरळ हवेत म्हातारीला दहा पावलांत धाप लागे, त्यामुळे तिचा दिवस मागच्या पायरीवर उन्हात बसून जाई. शेजार नाही, बोलायला माणूस नाही. समोरच्या उतारावर मात्र एक बीळवाला राहत होता. ऊन पडलं की तो गवत तोडून दगडावर वाळत घाली आणि वाळलं की ओढत घरात नेई.

"अगदी माझ्या धाकट्या दिरांसारखा," ती म्हणाली. "मिळेल ते घरात नेऊन ठेवायचं आणि वर आपल्याचकडे संशयाने बघायचं." तेव्हापासून ती त्याला भावजी म्हणू लागली.

औषध लावलेल्या धान्याची पोती आली, तेव्हा तिने विचारलं, "सगळीकडे घालणार?"

"सगळीकडे. हुकूमच तसा आहे."

"म्हणजे काकाला विष घालणार तू."

"आई, तो माझा काका नाही. तो उपद्रवी मूषक आहे."

"काकांबद्दल तुझे बाबाही असंच म्हणायचे," ती म्हणाली. "पण जेवायला वाढायचे."

त्या रात्री उपसंचालकाला जेवण गेलं नाही. सकाळी त्याने नकाशावर घरामागच्या उताराला 'निवासी क्षेत्र' ठरवलं आणि तेवढा भाग वगळला.

मोहीम कमालीची यशस्वी झाली. बीळवाले संपले. त्यांच्यावर जगणारे ससाणे स्वखुशीने निघून गेले (कार्यालयाचं छप्पर स्वच्छ राहू लागलं). रिकाम्या बिळांत घरटी करणारे चिमुकले पक्षी पुढच्या वर्षी बिळंच बुजलेली पाहून परत फिरले. पूर्वी पावसाचं पाणी बिळांतून जमिनीत मुरायचं. आता ते थेट खाली पळू लागलं आणि जाताना माती घेऊन गेलं. अहवालात याची नोंद 'मातीची जलद वाहतूक' अशी झाली. गवत मात्र काही केल्या येईना.

ते आलं फक्त घरामागच्या उतारावर. तिथे तारेच्या कुंपणामुळे मेंढ्या येत नव्हत्या आणि आईमुळे औषध.

पाहणीला आलेले समितीचे अध्यक्ष त्या हिरवळीसमोर थबकले. "इथे औषधाची मात्रा किती वापरलीत?"

उपसंचालकाला एखादा आकडा ठोकून देता आला असता. पण माणूस सरळ. "साहेब, इथे काहीच घातलं नाही."

"काहीच नाही म्हणजे?"

"म्हणजे शून्य."

"शून्य मात्रा," अध्यक्ष शेजारच्या सचिवाला म्हणाले. "लिहून घ्या. परदेशी पद्धत आहे का?"

"नाही साहेब. घरचीच."

"मग तर उत्तमच."

आता खुलासा करायला हवा होता. उपसंचालकाने तोंड उघडलंही. पण खुलासा केला तर उद्या याच उतारावर पोतं रिकामं होणार, हे त्याला दिसलं. पायरीवर आई श्वास रोखून बसली होती. तिला तो रोखणं परवडण्यासारखं नव्हतं. त्याने तोंड मिटलं. सेवेतला त्याचा पहिला स्वतंत्र प्रशासकीय निर्णय तो हाच.

पुढच्या हंगामात सबंध पठारावर शून्य मात्रा लागू झाली. धान्य आलं, पण त्याला काही न लावता टाकायचं ठरलं (न लावण्यासाठी वेगळी निविदा निघाली). सोबत अर्ध्या पठाराला आळीपाळीने कुंपण.

"कुंपण कशाला?" अध्यक्षांनी विचारलं.

"मात्रा मेंढ्यांच्या पोटात गेली तर बाधेल, साहेब."

अध्यक्षांनी सगळ्यात आधी स्वतःच्या मेंढ्या हलवल्या.

तीन-चार पावसाळ्यांत भावजींचा गोतावळा उतारावरून पठारभर पसरला. पाणी मुरू लागलं, गवत वर आलं, ससाणे परतले, छप्पर पुन्हा खराब झालं. बिळं दिसू लागल्यावर समितीत कुजबुज झाली. पण हे प्राणी जातीने सशाचे भाऊबंद असल्याचं नेमकं तेव्हाच कार्यालयाच्या लक्षात आलं आणि उंदरांची संख्या शून्यावर राहिली. उपसंचालक संचालक झाला.

"खरं कधी सांगणार आहेस?" आईने विचारलं.

"निवृत्त झाल्यावर."

"तोवर मी असेन का?"

"म्हणून तर घाई करत नाही. ऐकायला तुला थांबावं लागेल," तो म्हणाला आणि तिच्या पायांवर शाल नीट केली.

आता समितीची ही ढळढळीत फसवणूक तुम्हालाही ठाऊक झाली आहे. तुम्ही ती कुठे कळवली नाहीत. उलट वाचताना दोन-तीनदा तुम्हाला बरंच वाटलं, हे नाकारू नका. चौकशी बसलीच तर सहआरोपींत तुमचं नाव राहील. काळजी नसावी. चौकशी समितीचे अध्यक्ष तेच आहेत. विचारलं तर आपला सहभाग शून्य म्हणून सांगा. ते तुम्हाला बढती देतील.