धोंड्याच्या महिन्यातलं बेअरिंग

मला फक्त दुपारी तासभर झोपायचं होतं. माझी मागणी एवढीच होती. पुढे जे झालं त्याला अधिक महिना जबाबदार आहे. (कोकिळेचं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीचं, मत वेगळं आहे.)

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष उलटलं होतं, जेठ अधिक आला होता आणि माझे सासरे उकंडराव यांनी मला धोंड्यासाठी जानेफळला बोलावलं होतं. अधिकात जावई म्हणजे साक्षात देव. मलकापूरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कारकुनी करून पिचलेल्या माणसाला असं देवपण मिळालं, की तो आधी गादी शोधतो. मी गादीवर अंग टाकलं आणि भिंतीपलीकडे सासऱ्यांची पिठाची गिरणी सुरू झाली. ऑइल इंजिनाची ठोकठोक मी सोसली असती हो! पण तिच्या जोडीला कुईऽ कुईऽ असा एक आवाज होता, तो थेट कवटीत शिरायचा.

दोन-तीन दुपारी अशाच गेल्या. आता 'गिरणी बंद करा, मला झोपायचंय' असं जावयानं कोणत्या तोंडानं म्हणावं? म्हणून मी सभ्य मार्ग काढला.

"मामाजी, गिरणीचं बेअरिंग गेलं वाटते."

बेअरिंगशी माझा संबंध एवढाच, की जिनातला फिटर ते मागायचा आणि मी 'साहेब आल्यावर पाहू' म्हणायचो. पण शब्द वजनदार आहे.

"गेलं?" सासरे दचकले. "दिवाईतच तं नवं टाकलं."

"आवाज आयका ना."

त्यांनी आवाज ऐकला. माझ्याकडे पाहिलं, मग देवघराकडे पाहिलं. "तुमी म्हनता तं गेलंच असन, जावईबापू. खोलतो."

इंजिन थांबलं. काय ती शांतता! मी गादीकडे वळलो.

"तुमी कुठी चालले?" सासरे म्हणाले. "तुमच्याबिगर हात नाई लावत मी."

झोप गेली. पट्टा उतरला, दळणाऱ्या दगडाचा दांडा सुटला, ठोकून ठोकून बेअरिंग निघालं. घासलेटात धुतल्यावर ते लखलखलं आणि बोटावर अलगद फिरू लागलं. त्याला काहीही झालं नव्हतं, हे मलासुद्धा कळलं. पण दारात दळणवाल्या बायका उभ्या होत्या. काहीतरी बोलणं भाग होतं.

"हे पाहा मामाजी, इंजिनात असते ते बुश. नुसती धातूची नयी, पाइपाच्या तुकड्यासारखी. दांडा तिच्यात घासत फिरते, म्हनून तेल लागते. आन् हे बॉल बेअरिंग. याच्यात गोया असतात. गोया गरगर फिरतात, दांड्याले तरास नाई."

"म्हंजे अधिकातल्या जावयासारखं," ज्वारीची पाटी घेऊन आलेली तानुबाई म्हणाली. "घर गरगर फिरते, जावई मजेत!"

बायका खिदळल्या. मी चिडलो. (झोप झालेली नसली की माणूस फार लवकर शास्त्रज्ञ होतो.) "दोष आतमंधी असते," असं म्हणून मी बेअरिंगात पेचकस खुपसला आणि जोर लावला. कट्ट! सगळ्या गोळ्या उडून तानुबाईच्या ज्वारीत पडल्या.

तानुबाई सूप घेऊन बसली.  भर उन्हात एसटी धरून सासरे नवं बेअरिंग आणायला गेले, तेही मलकापूरला, म्हणजे माझ्याच गावाला. तोवर गिरणी बंद, म्हणून सासूबाईंनी धोंड्याच्या पुरणपोळीसाठी जातं बाहेर काढलं. ते माझ्या उशाशीच होतं. त्यापेक्षा इंजिन बरं होतं.

सासरे परतले, नवं बेअरिंग बसलं, पट्टा चढला, इंजिन सुरू झालं.

कुईऽ कुईऽ.

"पट्टा हाय तो," कोकिळा माझ्या कानाशी म्हणाली. "मी झोयीत झुलत होती तवापासून असाच वाजते."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"अधिकात जावयाले नाई म्हनता येते का? बाबानं समद्याइले तंबी देली होती."

तेवढ्यात सासरे इंजिन थांबवून हात पुसत आले. प्रवासानं पार थकले होते. मला वाटलं, आता तरी हा माणूस रागावेल आणि मी एकदाचा सुटेन.

"जावईबापू, तुमचा कान लय तिखट," ते म्हणाले. "नवं बेअरिंग हाय. काई कमीजास्त झालं तं आमाले समजाचं नाई. तुमाले गादीवर पडल्या पडल्या समजते."

असं म्हणून त्यांनी गिरणीत, इंजिनाला अगदी चिकटून, खाट टाकली. तिच्यावर स्वतःच्या हातानं माझी गादी अंथरली आणि उशी झटकून ठेवली. बाहेर गावभरच्या तुंबलेल्या दळणाची रांग लागली होती.

"आता निजा आरामात," सासरे मोठ्या आदरानं म्हणाले आणि त्यांनी इंजिनाचं हँडल मारलं.